पेशंटची उजवी बाजू

ओंकारनं अंगातला पांढरा कोट काढला, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, मला कुठंही टाका. मगदूम सरांकडे मी परत जाणार नाही."

"बस आधी. झालं काय?"

"राउंडला प्रश्न विचारतात. मी उत्तर द्यायला लागलो की वळून पुढच्या खाटेकडे चालू लागतात. काल सगळ्यांसमोर म्हणाले, तोंडात सुपारी धरली आहेस का? मॅडम, मी तेच उत्तर तिसऱ्यांदा देत होतो."

मगदूम सरांकडून परत आलेला हा तिसरा. पहिली मुलगी रडत आली होती, दुसरा मुलगा चिडून आला होता आणि हा कोट घडी घालून आला. प्रगतीच म्हणायची.

मी तेव्हा मिरजेतल्या एका छोट्या कॉलेजात नोकरी करत होते. आमच्याकडे फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम नवीनच सुरू झाला होता. डॉक्टर येण्याआधी पेशंटची हकीकत घ्यायची, त्याला तपासून ठेवायचं, राउंडला ते सगळं डॉक्टरांपुढे नीट मांडायचं आणि डॉक्टर सांगतील ते पार पाडायचं, हे या मुलांचं काम. शेवटचं वर्ष त्यांनी रुग्णालयात, एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली काढायचं. त्या डॉक्टरला मेंटॉर म्हणायचं आणि प्रत्येक मुलासाठी असा मेंटॉर शोधायचा, ही माझी जबाबदारी. लग्नं जुळवण्यापेक्षा अवघड काम आहे हे. तिथं निदान दोन्हीकडच्यांना लग्न हवं असतं. इथं डॉक्टर विचारायचे, "पीए? मला कशाला पीए, मी काय आमदार आहे?"

पण मी त्यांना पुरून उरायचे. अर्धं आयुष्य वॉर्डात सिस्टर म्हणून काढलं होतं. मिरज-सांगलीतला कुठला डॉक्टर कशानं चिडतो आणि कशानं विरघळतो, हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ओंकारला मी तासाभरात सांगलीला चिकटवून दिलं.

तो गेला तसे आमचे प्राचार्य शेटे सर आत आले. भला माणूस, पण काळजी हा त्यांचा छंद.

"आवळे मॅडम, मगदूमांचा नाद सोडा आता."

"सोडते. मग रेणुका हावळला कुठं ठेवू?"

सगळ्या मुलांची सोय लागली होती, रेणुकाची राहिली होती. मेडिसिन विभागात, म्हणजे ताप, दमा, हृदयविकार अशा पेशंटांच्या वॉर्डात, काम केल्याशिवाय विद्यापीठ परीक्षेला बसू देत नव्हतं. आणि महिना संपायच्या आत कुठं रुजू झाली नाही तर तिचं वर्ष बुडणार होतं. दोन्ही शहरांत आता एकच जागा उरली होती, मगदूम सरांच्या वॉर्डातली.

"अहो, पण ती मुलगी..." शेटे सरांनी आवाज खाली आणला. "किती ओरडून बोलते. त्या डॉक्टर जोशीबाईंचा फोन आला होता ना, मुलगी हुशार आहे, पण माझे पेशंट दचकतात म्हणून. आणि काही सांगायचं असलं की टेबलाला वळसा घालून थेट आपल्या तोंडासमोर येऊन उभी राहते. मलाच दोन पावलं मागं सरकावं लागतं. तीन गुणी मुलं जिथून परत आली तिथं तिला पाठवणं म्हणजे आगीत तेल ओतणं."

"बघते ओतून," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुग्णालयात गेले. डॉक्टर जिनदत्त मगदूम म्हणजे त्या धर्मादाय रुग्णालयाचा कणा. जयसिंगपूरपासून जतपर्यंतची माणसं त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून यायची. शिकवण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मी नवीन सिस्टर होते तेव्हा याच वॉर्डात त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. शिस्त अशी, की शिकाऊ डॉक्टर खाटेच्या चुकीच्या बाजूला उभा राहिला तरी त्याला दंडाला धरून फिरवून आणायचे. तेव्हा शिकवायचे मात्र जीव ओतून. असा माणूस तीन मुलं परत पाठवतो म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं.

राउंड चालू होता. मी आत गेले नाही, वॉर्डाच्या दारात उभी राहिले. दोन खाटा होईपर्यंत बघितलं आणि बाहेर बाकावर येऊन बसले. मला हवं होतं ते मिळालं होतं.

डॉक्टर बाहेर आले, मला बघून थबकले. "आवळे सिस्टर? आणखी कुणाला घेऊन आलात की काय?"

मी उठून त्यांच्यासमोर गेले. "सोमवारी येईल."

"नको. तुमची मुलं पुटपुटतात. मला वेळ नाही. सिस्टर, माझं वय झालं, आता शिकवणं होत नाही."

"तुमचं वय झालं असेल, शिकवणं संपलेलं नाही. एक आठवडा ठेवा. नाही जमलं तर मी पुन्हा या पायऱ्या चढणार नाही."

ते हसले. पूर्वी हसायचे तसे नाही, थोडे थकलेले. "तुम्ही ऐकणार आहात थोड्याच."

"नाही," मी म्हणाले.

दुपारी रेणुकाला बोलावलं. ती आली, नेहमीसारखा टेबलाला वळसा घातला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या चेहऱ्याकडं नीट बघूनच म्हणाली, "बोलवलासा मॅडम?" बाहेर व्हरांड्यातून जाणारा शिपाई थांबून आत डोकावला, इतक्या मोठ्यानं.

रेणुका इचलकरंजीची. वडील मागवाले, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग चालवणारे. बोलताना त्या भागातल्या मुलींसारखी 'येतो, जातो' करायची. कॉलेजातल्या काही पोरी त्यावर हसायच्या आणि ती त्यांच्याकडं बघून अजून मोठ्यानं बोलायची. मला ती मनापासून आवडायची.

"मगदूम सरांकडं जायचं सोमवारपासून."

तिचा चेहरा उतरला. "मॅडम, तिथं ओंकार टिकला नाही. मला तर कुणी दारात उभं करत नाही. माझा आवाज असा. कमी करायचा लई प्रयत्न केला मी, हुईतच नाही." मग जरा थांबून म्हणाली, "हे वरीस गेलं तर मी परत शिकायला येत नसतो. घरी आई एकटीच कांड्या भरत्या. मी पण तिच्या शेजारी बसणार, झालं."

कांड्या भरणं म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या गुंडाळणं. दिवसभर बसून करायचं काम. ती हे रडत बोलली नाही, ठरलेली गोष्ट सांगावी तसं बोलली. त्याचं मला फार वाईट वाटलं.

"कांड्या नंतर बघू. आता नीट ऐक. आवाज कमी करायचा नाही. राउंडला उभं राहायचं ते डॉक्टरांच्या डाव्या हाताला. उजवीकडं जागा मोकळी असली तरी डावीकडंच. आणि त्यांनी तुझ्याकडं बघितल्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

तिनं माझ्याकडं क्षणभर बघितलं. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि गेली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज संध्याकाळी शेटे सर दारातून डोकं आत घालून विचारायचे, "आली का परत?" मी मान हलवायचे. बुधवारी म्हणाले, "कमाल आहे." गुरुवारी सकाळी मला राहवलं नाही. मी राउंडच्या वेळेला वॉर्डाच्या दारात जाऊन उभी राहिले. डाव माझा होता आणि तो फसला असता तर भोगणार होती ती पोर.

आठव्या खाटेवर मिरजेजवळच्या आरगेचे एक म्हातारबाबा होते. न्यूमोनिया झाला होता. पायथ्याशी वॉर्डच्या सिस्टर औषधं लिहून घेत होत्या, डॉक्टरांच्या डाव्या हाताला रेणुका आणि पलीकडं उशाशी, पदर तोंडापाशी धरून म्हाताऱ्याची सून उभी होती. रेणुकानं पेशंटची सगळी हकीकत सांगितली. खणखणीत आवाजात, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. डॉक्टर मान हलवत होते. इतर मुलांच्या वेळी ते असेच मान हलवत होते का, हे विचारायला ओंकार तिथं हवा होता.

डॉक्टरांनी म्हाताऱ्याला विचारलं, "कुठलं औषध सोसत नाही असं काही?"

म्हाताऱ्यानं ग्लानीतच नकाराचा हात हलवला. सून पदराआड काहीतरी बोलली. अगदी हळू, सासऱ्यासमोर बोलायची सवय नसावी. डॉक्टरांनी सिस्टरना इंजेक्शनचं नाव सांगितलं, सिस्टरनी लिहिलं आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

"सर, थांबा."

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. रेणुका खाटेच्या पायथ्याला वळसा घालून डॉक्टरांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती. डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, मगच ती बोलली.

"सर, या ताई सांगाय लागल्यात की मागच्या खेपेला गावात हेच इंजेक्शन दिलतं तर बाबांच्या अंगभर गांधी उठल्या आणि दम लागला. सलाईन लावावं लागलं."

डॉक्टर सुनेकडं वळले. तिनं पदर बाजूला करून होकार दिला. डॉक्टर सिस्टरना म्हणाले, "ते खोडा. दुसरं देऊ." नवीन औषध सांगितलं, ते लिहिलेलं स्वतः वाचून बघितलं आणि उरलेला राउंड पुरा केला. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. वॉर्डातून बाहेर येताना त्यांना मी दिसले.

"सिस्टर, केबिनमध्ये या."

केबिनचं दार लागल्यावर ते खुर्चीत बसले नाहीत. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "तुम्ही तिला काय सांगितलं होतं?"

"डाव्या हाताला उभं राहायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. ना तिला, ना शेटे सरांना."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"त्या दिवशी दारातून बघितलं तेव्हा कळलं."

"मी डॉक्टर असून माझ्या घरच्यांना कळू दिलं नाही. तुम्हाला दारातून कसं कळलं?"

आता मी खुर्ची ओढून बसले. मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. "सर, पेशंटला त्याच्या उजव्या बाजूनं तपासायचं, हे मला कुणी शिकवलं? तुम्ही. शिकाऊ डॉक्टर डाव्या बाजूला उभा राहिला तर तुम्ही त्याला दंड धरून फिरवायचात. आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः प्रत्येक खाटेच्या डाव्या बाजूला उभे होतात. नियम मोडणारे तुम्ही नव्हेत. मग लक्षात आलं. उजवीकडं उभं राहिलं की पायथ्याशी बोलणारी सगळी माणसं तुमच्या उजव्या कानाला येतात. डावीकडं उभं राहिलं की डाव्या कानाला. तुमचा उजवा कान गेलाय, सर. आणि माझी तिन्ही मुलं अदबीनं पायथ्यापासून लांब उभी राहून, खालच्या आवाजात बोलत असणार. ती पुटपुटत नव्हती."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "उजवा जवळजवळ गेलाय. डावा चांगला आहे, तपासून घेतलाय. छातीला स्टेथोस्कोप लावला की सगळं ऐकू येतं. पण लोकांना एवढं बारीक कुठलं कळायला? बहिरा डॉक्टर म्हटलं की संपलं. म्हणून मुलं नको होती मला. मुलांच्या नजरेतून काही सुटत नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पायथ्याचं ऐकू यावं म्हणून बाजू बदलली. आणि आज उशाकडची बाई निसटली. ती सून बोलत होती, सिस्टर. मला पत्ताच नव्हता."

अशा वेळी धीराचे चार शब्द बोलावेत, पण मला ते खोटे वाटले. मी उठून दार उघडलं आणि रेणुकाला आत बोलावलं.

ती आली, टेबलाला वळसा घालून डॉक्टरांच्या समोर उभी राहिली. डॉक्टरांनी मान वर केली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवशी कळलं, सर. मॅडम डावीकडं उभी राहा म्हणाल्या, तेव्हा कॉलेजातच शंका आली. मग तुम्हाला मागनं हाक मारली, तुम्ही वळला नाहीसा."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यात काय बोलायचं?" तिला खरंच समजलं नव्हतं. "आमच्या गल्लीत निम्म्या बाप्यांना ऐकू येत नाही, सर. मागांचा आवाज दिवसभर कानात. आम्ही समोर जाऊन, तोंडाकडं बघून, मोठ्यानं बोलतो. सगळेच तसं बोलतात. मी इथं आलो तेव्हा कळलं की त्याला उद्धटपणा म्हणतात."

शेटे सर आठवून आलेलं हसू मी गिळलं. त्या मुलीला मी का निवडलं होतं, ते तिनंच सांगून टाकलं होतं.

"पण ती बाई तर कुजबुजली," डॉक्टर म्हणाले. "माझे दोन्ही कान धड असते तरी ऐकू आलं नसतं. सिस्टरनाही आलं नाही. तू तिच्यापासून सगळ्यात लांब होतीस."

"ऐकलं कुठं? बघितलं. पदर जरा सरकला तेव्हा ओठ दिसले. कारखान्यात माग चालू असताना सगळे ओठांवरनंच बोलतात. आई मला लांबनं नुसते ओठ हलवून सांगायची, घरी जा, चुलीवर भात आहे."

हे मात्र मलाही माहीत नव्हतं.

डॉक्टर हसले, पहिल्यांदाच पूर्वीसारखे. रेणुका हसली नाही. ती म्हणाली, "सर, एक सांगू का? राग येऊ द्या नाहीतर नको. आमच्या बाबांनी लई वर्षं लपवलं. मालक कामावरनं काढंल म्हणून. मागनं जोडीदार ओरडला, हात काढ म्हणून. त्याला वाटलं, बाबांना ऐकू गेलं. त्यानं मागाचा पट्टा चालू केला." तिनं स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं दुमडून दाखवली. "बोटं गेल्यावर सगळ्यांना सांगितलं. मालकानं काढलं नाही. आता जोडीदार पुढ्यात येऊन खूण करतोय, मगच पट्टा चालू करतोय. आधीच सांगितलं असतं तर बोटं राहिली असती. आज तुमच्या बाबतीत ते बाबा गेले असते, आरगेचे."

इतक्या वर्षांत मगदूम सरांना असं तोंडावर बोललेलं मी कुणाला बघितलं नव्हतं. आता ही गेली आणि हिचं वर्षही गेलं, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी चष्मा घातला, उठले आणि दार उघडून चालू लागले. दोन पावलांवर थांबून मागं वळून म्हणाले, "चला दोघी."

वॉर्डाच्या मधोमध ते उभे राहिले. सिस्टर, आया, पेशंट, नातेवाईक, सगळे बघायला लागले. राउंड तर झाला होता.

"माझ्या उजव्या कानाला ऐकू येत नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, औषधाचा डोस सांगावा तसा. "डाव्यानं येतं. ज्यांना मला काही सांगायचं आहे त्यांनी समोर येऊन सांगायचं. मी मान हलवली नाही तर मला कळलं नाही असं समजायचं आणि परत सांगायचं. सुनांनी सासऱ्यासमोरसुद्धा. आणि या हावळ आहेत, माझ्या असिस्टंट. यांना सांगितलं तरी चालेल."

मग आठव्या खाटेवरून आरगेचे म्हातारबाबा खोकत म्हणाले, "मला तर दोन्ही कानांनी धड येत न्हाई, डाक्टर. माझं काय अडलंय?"

वॉर्डात हशा पिकला. एकही पेशंट त्या दिवशी उठून दुसरीकडं गेला नाही, पुढंही गेला नाही. उलट म्हातारी माणसं आमच्यातलाच डॉक्टर म्हणून जास्तच यायला लागली.

आठवड्याची मुदत संपली त्या शनिवारी मी मुद्दाम फोन केला नाही. डॉक्टरांनी केला. "आवळे सिस्टर, मुलगी वर्षभर राहू दे. आणि ती तिन्ही परत पाठवा, त्यांची मी माफी मागणार आहे. तेवढ्यात शिकवीनही थोडं." शेटे सर शेजारीच उभे होते. मी फोन ठेवून त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "असू दे, असू दे, कळलं." पुढच्या वर्षी त्यांनी मुलाखतीत हळू बोलणाऱ्या मुलांचे मार्क कापायला सुरुवात केली, ते मला थांबवावं लागलं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले. रेणुका त्याच रुग्णालयात आहे आणि कॉलेजची नवीन मुलं आता तिच्याच हाताखाली जातात. पण मला आठवते ती त्या वर्षअखेरची सकाळ. विद्यापीठाची माणसं तपासणीला यायची होती, म्हणून मी आधी जाऊन वॉर्डाच्या दारात उभी राहिले. माझी जागाच झाली होती ती.

डॉक्टर मगदूम पेशंटच्या उजव्या बाजूला उभे होते. उजव्या कानामागं श्रवणयंत्र, लपवायला केस वाढवलेले नाहीत की काही नाही. पायथ्याशी, त्यांच्या उजव्या हाताला रेणुका उभी राहून हकीकत सांगत होती. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात.

डॉक्टरांनी हात वर करून तिला थांबवलं.

"हावळ, जरा हळू," ते म्हणाले. "मला ऐकू येतंय."